विहिरीवरील इंजिनाच्या स्प्रिंगा घरच्या हत्यारांनी कशा काढाव्यात?

वेरूळची लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली आहेत, तोच पाषाण फोडून तेथील शेतकऱ्यास आपली विहीर खणावी लागते. इतक्या कष्टाने लागलेले पाणी वर आणण्यास आता विजेचे पंप आले आहेत. तथापि वीज नसेल त्या वेळेसाठी डिझेल इंजिन राखून ठेवणारे शेतकरी अद्याप आहेत. 1946 साली पुण्यास स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्ससारख्या कारखान्यांनी ही यंत्रे खेडोपाडी नेली. गव्हास पेरणीनंतर 18 ते 21 दिवसांनी, मुकुटमुळे फुटण्याच्या सुमारास, पाणी द्यावेच लागते. त्याच आठवड्यात इंजिन बंद पडले आणि कारागिराची वाट पाहत बसावे लागले, तर हुकलेली पाळी मागाहून भरून निघत नाही. म्हणून हे काम शेतकरी बंधूंनी स्वतः शिकून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

मिनिटास 1500 फेरे घेणाऱ्या चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटास 750 वेळा उघडतो, व तितक्याच वेळा स्प्रिंग त्यास बंद करते. स्प्रिंग मोडली किंवा व्हॉल्व्हची बैठक खराब झाली, की हँडल हलके फिरते, दाब धरत नाही व इंजिन सुरू होत नाही. डिझेल, हवेची गाळणी व व्हॉल्व्हची फट प्रथम तपासावी. दोष तेथे नसेल तरच हेड उतरवावे.

त्यासाठी इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, पाणी काढून टाकावे, डिझेलच्या नळ्या सोडवून त्यांची तोंडे स्वच्छ कापडाने बांधावीत आणि हेडचे नट समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करावेत.

आता मुख्य काम. सुताराचा मजबूत जी-क्लँप घ्यावा. हेड व नळकांडे ही दोन्ही मावतील एवढे त्याचे तोंड मोठे असावे. जाड पाइपाचा सुमारे 2 इंचांचा तुकडा कापून, बोट व स्क्रूड्रायव्हर आत जाईल अशी खिडकी त्याच्या एका बाजूस पाडावी. हा तुकडा स्प्रिंगच्या वरील वाटीवर नीट बसला पाहिजे व मधले दोन कॉटर त्याच्या पोकळीत मोकळे राहिले पाहिजेत. क्लँपचा स्थिर जबडा खालून व्हॉल्व्हच्या तोंडावर टेकवावा. तुकड्यावर जाड लोखंडी चकती ठेवून तीवर स्क्रू आवळावा. स्प्रिंग दबली की कॉटर सुटे होतात. ते लोहचुंबकाने किंवा ग्रीस लावलेल्या स्क्रूड्रायव्हरने खिडकीतून काढून घ्यावेत. मग स्क्रू सावकाश सैल करावा, म्हणजे स्प्रिंग आपसूक मोकळी होते.

वाटी चिकटून बसली असेल तर स्क्रू आणखी आवळू नये. अल्प दाब ठेवून वाटीच्या कडेस लाकडी हातोडीने हलका टोला द्यावा. दाबलेल्या स्प्रिंगेत एवढा जोर साठलेला असतो, की ती निसटली तर डोळा जाण्याचे भय असते. म्हणून डोळ्यांस चष्मा लावावा, तोंड बाजूस ठेवावे व मुलांस जवळ फिरकू देऊ नये. नुसत्या पहारीने किंवा पान्याने स्प्रिंग दाबण्याचा मोह टाळावा. हात घसरतो, स्क्रूचा दाब मात्र आपल्या ताब्यात राहतो.

हवा घेणाऱ्या व धूर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचे भाग वेगवेगळ्या डब्यांत ठेवावेत. त्यांची अदलाबदल होऊ देऊ नये. स्प्रिंग सपाट काचेवर उभी करून गुण्याने पाहावी. ती वाकडी, चिरलेली किंवा नव्या स्प्रिंगेपेक्षा आखूड दिसली तर बदलावी.

जोडताना कॉटर ग्रीसने दांडीस चिकटवावेत, म्हणजे ते पडत नाहीत. स्क्रू सोडल्यावर दोन्ही कॉटर वाटीत सारखे बसले आहेत की नाही, हे दोनदा पाहावे. कॉटर निसटला तर व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडून पिस्टन फुटतो, आणि चार आण्यांचे काम हजारोंच्या खर्चावर जाते. नटांचा जोर व व्हॉल्व्हची फट कारखान्याच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावी. हेडला चीर दिसली किंवा व्हॉल्व्हची दांडी फार हालू लागली, तर मात्र ते काम कारखान्यातच द्यावे.

क्लँप व पाइपाचा तुकडा चार शेजाऱ्यांनी मिळून घेतला तरी पुरतो. खरीप आटोपून गव्हाची पेरणी होण्यापूर्वी एक दुपार या कामी द्यावी. म्हणजे पाण्याची पाळी येईल तेव्हा इंजिन तयार असेल.