नव्या हाती मालमोटार

वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलांचे पुढे काय होते, हे मास्तरांना सहसा कळत नाही. एकाचे मात्र मला कळले, आणि तेही जमिनीपासून चांगल्या पाच-सहा फूट उंचीवर बसून!

२०२३ सालची गोष्ट. दिवाळी चार दिवसांवर आली होती. साताऱ्याचे व्याख्यान आटोपून रात्री अकराला स्टँडवर आलो, तो पुण्याकडे जाणारी प्रत्येक एस.टी. माणसांनी फुगलेली. निरुपायाने हमरस्त्यावर जाऊन उभा राहिलो. हात दाखवला तो एका मोटारीला. ती गेली निघून, आणि तिच्यामागची मालमोटार तेवढी थांबली. वरून आवाज आला, "सर, तुम्ही इथं कुठं?"

बी.ए.चे दुसरे वर्ष अर्धे टाकून गेलेला माझा विद्यार्थी! वडील गेले, घर अंगावर पडले, आणि हा आधी छोट्या टेम्पोवर व तिथून ट्रकवर चढला. कोल्हापूरचा गूळ भरून गाडी वाशीच्या बाजाराला चालली होती. मागच्या फळीवर त्याचे उस्ताद घोंगडी पांघरून आडवे झाले होते. मालाच्या गाडीत मास्तर बसवणे नियमात बसते की नाही, हे विचारण्याइतका मी त्या रात्री कायद्याचा भोक्ता नव्हतो.

"परवाना कधी मिळाला रे?" मी संभाषणाला सुरुवात करावी म्हणून विचारले.

"विसावं पुरं झाल्यावर, सर. त्याआधी वर्षभर हलक्या गाडीचा असावा लागतो, तो होता. पण परवाना मिळाला म्हणजे गाडी आली असं वाटतं ना, तीच पहिली चूक."

आणि मग रस्ता पुढे सरकत गेला तसा आपल्या चुकांचा पाढा त्याने असा काही वाचला की, माझ्या तासाला हा मुलगा कधी तोंड उघडत नसे, यावर माझाच विश्वास बसेना.

छोट्या गाडीची सवय घेऊन आलेला माणूस ट्रकही तसाच वळवतो. पण लांब गाडीची मागची चाके पुढच्या चाकांच्या पावलावर पाऊल ठेवून येत नाहीत; ती आतली, जवळची वाट धरतात. तेव्हा नाक बरेच पुढे नेऊन मग चाक फिरवायचे असते. पहिल्याच महिन्यात एका गावाच्या कोपऱ्यावर याने घाई केली आणि डावे मागचे चाक रसवंतीच्या पायरीवरून नेले. "पायरीवर तेव्हा कुणी बसलं नव्हतं, एवढंच माझं नशीब," तो म्हणाला. डावी बाजू ही ट्रकची आंधळी बाजू. म्हणून शेजारी क्लीनर लागतो. (चालक मंडळी याला 'किन्नर' म्हणतात. स्वर्गलोकीच्या गायकांना असा जन्म लाभेल असे आमच्या कोशकारांना स्वप्नातही वाटले नसेल!)

दोरखंडाचेही तेच. माल भरला, ताडपत्री ओढली, दोर करकचून आवळला, की नवशिक्याला वाटते काम झाले. पण वीस-पंचवीस किलोमीटरच्या हादऱ्यांनी माल बसतो आणि दोर सैल पडतो. तेव्हा एकदा उतरून पुन्हा आवळावाच लागतो. पावसाळ्यात याने एकदा हा कंटाळा केला आणि गुळाच्या वरच्या थराचा पाक झाला.

युरियाचा किस्सा मात्र नव्या जमान्याचा. एप्रिल २०२० पासूनच्या नव्या मालमोटारींना धूर स्वच्छ ठेवण्यासाठी युरियाचे पाणी लागते. त्याची टाकी वेगळी, झाकण निळे. एका पहाटे झोपेच्या गुंगीत याच्या सोबत्याने ते पाणी डिझेलच्या टाकीत ओतले. किल्ली फिरवण्याआधी लक्षात आले असते तर नुसती टाकी रिकामी करून भागले असते. पण किल्ली फिरवली होती. पंपाचा खर्च मालकाने त्याच्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापला.

झोपेचा विषय निघाला तसा मी माझे पुस्तकी ज्ञान पुढे केले. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा तेव्हा दिवसाला आठ तासांचे काम सांगत होता. सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती सांगत होता. तो हसला. "सर, तो कायदा पाच किंवा जास्त कामगार असले तर लागू होतो ना? आमच्या शेठच्या गाड्या दोन, माणसं चार." यावर मला उत्तर सुचले नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालमोटारींना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे, ही चांगली गोष्ट. पण झोप ही काही गारव्याने भागणारी वस्तू नव्हे.

खंबाटकीचा बोगदा मागे पडला. पुढच्या वळणावर तो गप्प झाला. दोन्ही हात चाकावर, गाडी खालच्या गिअरमध्ये घुरघुरत उतरत होती. मोटारी मागून चिडून भोंगे वाजवत होत्या. एरवी त्या मोटारीत आपणच असतो, आणि 'हा ट्रकवाला मुद्दाम हळू चालवतो' म्हणून चरफडतो. मीही चरफडलो आहे.

शिरवळला चहा झाला. उस्ताद जागे होऊन खाली उतरले, चाके बोटांनी चाचपून आले आणि पुन्हा आडवे झाले. खेड शिवापूर गेले. कात्रजचा नवा बोगदा जवळ येऊ लागला तसा तो म्हणाला, "सर, माझी खरी चूक इथली आहे."

२०२१ सालची ती रात्र. बोगदा ओलांडला की नवले पुलापर्यंत सलग उतार. वर्षभर गाडी चालवून हात बसला होता. निदान तसे त्याला वाटत होते. खेपेला ठरवून दिलेल्या डिझेलातून जे वाचेल ते चालकाचे, हा धंद्यातला रिवाज. ढाब्यावर कोणीतरी सांगितलेले: उतारावर गाडी न्यूट्रल कर, इंजिन बंद कर, फुकटात पुण्यात. उस्ताद मागे झोपले होते. त्याने किल्ली फिरवली. गाडी कशी अगदी हंसासारखी निघाली!

मोठ्या ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो आणि ती हवा इंजिनच भरत असते. इंजिन बंद म्हणजे हवा भरणे बंद. मग ब्रेक दाबावा तितकी शिल्लक कमी. पाचसहा वेळा ब्रेक दाबल्यावर काटा खाली आला, धोक्याची घंटी वाजू लागली. स्टिअरिंग दगडासारखे झाले. ब्रेकचे ड्रम तापले की त्यांची पकडही सुटत जाते. त्यातून वेग दुप्पट झाला की आवरायचे बळ चौपट लागते. मालासकट अठरा टनांच्या आसपासचे ते धूड. गिअर टाकायला गेला, तर त्या वेगाला गिअर पडेना, नुसता करकरला.

"मी ओरडलोसुद्धा नाही, सर. आवाजच फुटला नाही. त्या घंटीनंच उस्ताद उठले."

उस्तादांनी मागूनच हात घालून किल्ली फिरवली, इंजिन जागे केले, आणि त्याच्या हातावर हात ठेवून आधी वरचा गिअर बसवला. मग एकेक खालचा. रात्रीचे तीन वाजले होते, रस्ता मोकळा होता. गाडी थांबली तेव्हा पूल मागे राहिला होता. उस्ताद चकार शब्द बोलले नाहीत. त्याला खाली उतरवून त्याचा तळहात त्यांनी चाकाच्या ड्रमजवळ नेला. वीतभर अंतरावरूनच पोळत होते. दुसऱ्या दिवसापासून पंधरा दिवस त्याला पुन्हा क्लीनर केले.

पुढच्या वर्षी, २० नोव्हेंबर २०२२ ला, त्याच उतारावर एक ट्रक अनेक वाहनांवर आदळला. चालकाने इंजिन बंद करून गाडी सोडली होती, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात निघाले. "उस्तादांनी पेपरातली ती बातमी घडी करून माझ्या खिशात ठेवली," तो म्हणाला. "अजून गाडीच्या कागदांबरोबर आहे."

मागून घोंगडीतून आवाज आला. "मास्तर, ज्या गिअरात चढायचं, त्याच गिअरात उतरायचं. आन् ह्येला कोन सांगनार की गिअरात पाय सोडला तर नवं इंजिन डिझेल पीतच न्हाई! न्यूट्रलला उलट पितंय." म्हणजे ज्या बचतीसाठी ही पोरे गाडी न्यूट्रल करतात, ती बचत मुळात नसतेच, इंजिन सबंध बंद केले तर चार थेंब वाचतील, पण ब्रेकच्या मोलाने. उस्ताद पुढे म्हणाले, "आमच्या येळंला गाडी शिकवायला साताठ वर्सं किन्नरकी होती. आता पोरगं सा महिन्यात चाकावर बसतंय. शेठला मानूस पायजे."

त्यांचे म्हणणे मला पटले आणि नाहीही. सातआठ वर्षे शिव्या खाऊन शिकण्याची पद्धत गेली, याचे दुःख कशाला करावे? पण तिच्या जागी जे शिक्षण यायला हवे होते, ते पुरते आले नाही, हे खरे. आमच्याकडे निदान परीक्षेत नापास झालेल्याला ऑक्टोबरला पुन्हा बसता येत असे.

बोगदा संपला. त्याने गिअर खाली घेतला. समोर पुण्याचे दिवे पसरले होते आणि गाडी कुरकुरत, मुंगीच्या पावलांनी उतरत होती. काट्याकडे तो पुन्हा पुन्हा पाहत होता. मीही पाहू लागलो. काटा जागचा हलला नाही.

पुलापलीकडे त्याने मला उतरवले. मी पिशवी काखोटीला मारून पलीकडे जायला निघालो, तो वरून त्याने हाक मारली.

"सर, गाडीच्या अगदी पुढून जाऊ नका. जवळचं माणूस वरून दिसत नाही. जरा लांबून जा, मला दिसाल असे."

मी दहा पावले पुढे जाऊन, दिव्यांच्या उजेडातून रस्ता ओलांडला. मी फुटपाथवर चढेपर्यंत त्याने गाडी हलवली नाही.