पडद्यावरील प्रश्नचिन्हें

पाकीट फोडावें आणि आंतील कागदावर अक्षरांऐवजीं नुसतीं प्रश्नचिन्हें दिसावीं, तर दोष पत्र लिहिणाराचा मानावा कीं वाचणाराच्या चष्म्याचा? चित्रें व खिडक्या यांवांचून, केवळ अक्षरांच्या पडद्यावर चालणारा ई-मेलचा प्रोग्राम वापरणारापुढें हा प्रश्न वारंवार उभा राहतो. मायकेल एल्किन्स यांनीं १९९५ सालीं सिद्ध केलेला 'मट' हा अशा प्रोग्रामांपैकीं एक. दूरच्या संगणकावर काम करणारे तंत्रज्ञ तो आजही पसंत करितात. इंग्रजी पत्रें त्यांत सुखानें वाचतां येतात. अडचण येते ती मराठी पत्रांची.

समजा, खेड तालुक्यांतील निघोजे येथील एका कारखान्यांतून रात्रपाळीचा अहवाल आला आणि त्याच्या विषयाच्या ओळींत गांवाचें नांव आहे. डोळ्यांस 'निघोजे' हीं तीन अक्षरें दिसतात. युनिकोडच्या हिशेबानें तीं सहा चिन्हें होत: न, पहिली वेलांटी, घ, काना-मात्रा, ज आणि मात्रा. केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनीं १९९२ सालीं योजलेल्या यूटीएफ-८ या संकेतांत प्रत्येक देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात. म्हणजे तीन अक्षरांचें हें नांव अठरा बाइटांचा प्रवास करितें. पत्राचा मथळा, संगणकाची भाषा-व्यवस्था, टर्मिनल आणि फॉन्ट या चौघांनींही तो संकेत एकच मानला, तरच नांव शुद्ध उमटतें. चौघांपैकीं चुकला कोण, हें दोषाच्या रूपावरूनच ओळखतां येतें.

प्रश्नचिन्हें, अथवा ३४०, २४४, २५० असे तिरक्या रेघेमागून येणारे आंकडे दिसले, तर संगणकाची भाषा-व्यवस्था, जिला 'लोकेल' म्हणतात, ती यूटीएफ-८ वर नाहीं असें समजावें. ते आंकडे म्हणजे 'न' या अक्षराचेच तीन बाइट, अष्टमान पद्धतीनें लिहिलेले. दूरच्या संगणकावरील लोकेल तपासून तें बदलावें व प्रोग्राम पुन्हा सुरू करावा.

डोक्यावर तिरकी खूण असलेलें रोमन 'ए' पुनःपुन्हां दिसूं लागलें, तर बाइट सर्व आले आहेत, पण ते पश्चिम युरोपच्या संकेतानें वाचले जात आहेत. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ असतो, आणि त्या संकेतांत २२४ म्हणजे तेंच 'ए'. सर्वच पत्रांत असें घडत असेल, तर टर्मिनलचें सेटिंग पाहावें. एकाच पत्रांत घडत असेल, तर त्या पत्राच्या मथळ्यांतच संकेत चुकीचा नोंदलेला असण्याचा संभव अधिक. मटमध्यें कंट्रोल व ई या कळांनीं त्या पत्रापुरता संकेत बदलतां येतो. रिकामे चौकोन दिसले, तर मात्र उणीव केवळ फॉन्टची.

चौथा दोष अधिक चिवट आहे. अक्षरें बरोबर, पण यादींतील रकाने सरकलेले आणि पुसलेल्या अक्षरांचे तुकडे मागें उरलेले. अशा पडद्यावर प्रत्येक चिन्हास ठराविक घरें मिळतात. रूढ गणितानें 'निघोजे' पांच घरें घेतें. शेवटची मात्रा तेवढी बिनघराची. टर्मिनलनें अक्षरें जोडून कमी जागेंत काढलीं, कीं दोघांचा हिशेब जमत नाहीं. कंट्रोल व एल या कळांनीं पडदा पुन्हा रेखाटला जातो व तुकडे जातात. मूळ मतभेद मात्र टर्मिनल बदलूनच मिटतो. देवनागरीची जोडणी साध्या पडद्यास पेलत नसे, म्हणून तर १९८८ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅकनें संगणकांत बसविण्याचें निराळें जिस्ट कार्ड पुढें आणिलें होतें.

या सर्व दोषांत एक समाधान आहे. तो दोष पाहण्यांतला असेपर्यंत मूळ पत्र शाबूत असतें. सेटिंग सुधारतांच तेंच पत्र स्वच्छ वाचतां येतें. धोका आहे तो उतावीळपणें उत्तर लिहिण्यांत. प्रश्नचिन्हें दिसत असतांनाच उत्तर धाडलें, तर त्यांत उतरलेला मूळ मजकूर खरोखरीचीं प्रश्नचिन्हें होऊन जातो, आणि पलीकडच्या माणसानें कितीही उत्तम यंत्र वापरलें तरी त्या उत्तरांतून तो पुन्हा सांपडत नाहीं. रात्रपाळीच्या अहवालांतील बिघडलेल्या यंत्राचें नांव असें हरवलें, तर नुकसान केवळ अक्षरांचें राहत नाहीं. म्हणून आधीं चष्मा पुसावा, मग लेखणी उचलावी. आणि मूळ पत्र कधींही घाईनें काढून टाकूं नये.