‘बिन’ सापडतो, ‘कोम’ हरवते

पणजोबांचा शोध घ्यायला निघालेला माणूस सगळ्यात आधी आडनावापाशी अडखळतो. मोडी कागदांत आडनाव असेलच असं नाही. असतो तो ‘बिन’. अमुक बिन तमुक, म्हणजे तमुकाचा मुलगा. बाईच्या नावापुढं ‘कोम’, म्हणजे अमक्याची बायको. ‘बिन’ धरून दोन-तीन पिढ्या मागं जाता येतं. ‘कोम’वरून तिच्या माहेरचा माग लागणं कठीण. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण आणि आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांच्या धंद्यामुळं घराणं फुले झालं. कटगुणच्या जुन्या दप्तरात कुणी ‘फुले’ शोधत बसला तर त्याच्या हाती काय लागणार?

दुसरा घोळ गावाचा. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके 1949 पर्यंत सातारा जिल्ह्यात होते. मग दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. पण खुद्द सांगली शहर पटवर्धनांच्या संस्थानात, मिरजेच्या थोरली-धाकटी अशा दोन पात्या, जत डफळ्यांचं, आटपाडी आणि कुंडल औंधच्या पंतप्रतिनिधींचं. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर कारखाना उभारला तो औंधच्या हद्दीत. त्यामुळं शेजारच्या गावात दिलेली लेक कागदोपत्री परमुलखात गेलेली असायची. पणजोबा जन्मभर एकाच वाड्यात राहिले तरी त्यांचे सोयरे चार दप्तरांत विखुरलेले.

2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीच्या निमित्तानं कुणबी नोंदी शोधायची लाट आली आणि एरवी वाळवीशिवाय कुणी न उघडलेले रुमाल सुटले. मोडी वाचणाऱ्याला एकाएकी भाव आला. फेरफार, कडईपत्रक, शाळेचं जनरल रजिस्टर, आणि कोतवालाचं जन्ममृत्यूचं बुक, म्हणजे गाव नमुना 14. माणसं दाखल्यासाठी गेली, त्यातली काही पूर्वजांसाठी रेंगाळली. (शाळेतल्या जन्मतारखेवर मात्र फार विसंबू नये, निम्मा महाराष्ट्र एक जूनला जन्मलेला आहे.) मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात ‘ताप’ हा शब्द सगळ्यांना पुरे पडायचा. 1918 सालच्या पानांवर एकाखाली एक ताप दिसू लागला, की ती इन्फ्लुएन्झाची साथ आहे हे आपण ओळखायचं. लिहिणाऱ्याच्या लेखी तो तापच.

कागदावर भरवसा नसलेल्यांचा हेळवी असतो. कानडी मुलखातून तो बैल घेऊन येतो, दारात बसून घराण्याची वंशावळ म्हणतो, मधल्या काळात जन्मलेल्यांची भर घालतो आणि धान्य-पैसा घेऊन पुढच्या गावाला जातो. त्याची चोपडी सरकारी नाही, पण भाऊबंदकीत तिला मान आहे.

या सगळ्या नोंदींत मला सर्वांत बोलकी वाटते ती साताऱ्याच्या एका शाळेतली. 7 नोव्हेंबर 1900, रजिस्टर क्रमांक 1914, भिवा रामजी आंबेडकर. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. एक ओळ, तीही प्रवेशापुरती. पुढच्याच वर्षी भिवा आणि घरातली मुलं वडिलांना भेटायला रेल्वेनं मसूरला उतरली. रामजी गोरेगावला नोकरीवर होते. मुलं महार आहेत हे कळल्यावर एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूनं चालणार, या अटीवर ती निघाली. हे कुठल्या रजिस्टरात येणार? बाबासाहेबांनी पुढं स्वतः लिहून ठेवलं म्हणून आपल्याला ठाऊक.

त्यांची आई भीमाबाई 1896 मध्ये साताऱ्यातच वारली. शाळेतल्या त्या नावात रामजी आहेत. भीमाबाईंना भेटायचं तर रजिस्टर मिटून त्यांच्या समाधीकडं चालत जावं लागतं.