पिकअपचे टायर बदलताना तुलना कशाशी करायची?

"ऑल टेरेन टायर घ्यावा की साधा?" बार्शीटाकळीत पिकअप चालवणाऱ्या कुणालाही विचारा, उत्तर लगेच मिळतं. ज्याने ऑल टेरेन टाकले तो म्हणतो, "टायर बदलले तवापासून गाडी पांदणीत फसलीच नाही, बाप्पा." त्याचा अनुभव खरा असतो, पण त्यातून काढलेला निष्कर्ष तपासावा लागतो. पेटची तयारी करताना 'संशोधन आराखडा' हे प्रकरण तुम्हाला कोरडं वाटत असेल, तर ते या चार टायरांवर वाचून बघा. परीक्षेत चुकलं तर मार्क जातात. इथे चुकलं तर हंगामाच्या भाड्यातला मोठा हिस्सा जातो, आणि भरल्या गाडीचा टायर रस्त्यावर फुटला तर जीवावर बेततं.

आधी कोणते टायर होते?

टायर आपण कधी बदलतो? जुने गोटा झाल्यावर. म्हणजे वरचा गाडीवाला 'झिजलेला साधा' आणि 'नवा ऑल टेरेन' यांची तुलना करतोय. यात एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या: टायरचा प्रकार आणि नक्षीची खोली. गाडी फसली नाही याचं श्रेय प्रकाराला द्यायचं की नवेपणाला, हे त्याच्या अनुभवावरून सांगता येत नाही. यालाच संशोधनात गोंधळकारक चल म्हणतात. खरी तुलना नव्या साध्या टायरशी व्हायला हवी, तीही त्याच रस्त्यावर, तेवढंच वजन भरून आणि तेवढ्याच पावसानंतर. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हा विचारा: "हेच माप, हाच लोड, पण साधी नक्षी, असा नवा टायर कितीला?" दोघांच्या किमतीत जो फरक येईल, तेवढ्याचाच निर्णय तुम्हाला घ्यायचा आहे.

'चांगला' म्हणजे कशासाठी?

'चांगला' हा शब्द मोजता येत नाही, म्हणून आधी त्याचे तुकडे करायचे. एक वही घ्या आणि महिनाभर प्रत्येक फेरीच्या तीन गोष्टी लिहा: डांबरी किती किलोमीटर, मुरमाचा रस्ता किती, मातीची पांदण किती. समजा, अकोल्याच्या बाजारात जाऊन येणारी एक फेरी ४० किलोमीटरची आहे आणि त्यातली पांदण २ किलोमीटर. अंतराने बघितलं तर पांदण फक्त ५ टक्के. पण ऑक्टोबरात परतीच्या पावसात सोयाबीनची पोती भरलेली गाडी अडकली, तर दिवसाचं सगळं नुकसान त्या ५ टक्क्यांतच होतं. म्हणून वहीत चौथा रकाना ठेवा: कुठे फसली, तेव्हा गाडीत माल किती होता, आदल्या रात्री पाऊस होता का. नुसती सरासरी काढली तर ही माहिती हरवते.

काळ्या मातीत होतं काय?

आता यंत्रणा समजून घेऊ. वाहन आणि जमीन यांच्या नात्याचं एक स्वतंत्र शास्त्रच आहे. एम. जी. बेकर यांचं १९५६ चं 'थिअरी ऑफ लँड लोकोमोशन' हा त्यातला पायाभूत ग्रंथ. त्यातलं एक साधं समीकरण आपल्याला पुरेल:

चाकाला मिळणारी जास्तीत जास्त ओढ = (टेकलेलं क्षेत्रफळ × मातीचं कोहिजन) + (वजन × मातीचं अंतर्गत घर्षण)

कोहिजन म्हणजे मातीच्या कणांनी एकमेकांना धरून ठेवणं. मुरूम आणि वाळूत ते नगण्य असतं, तिथे दुसरा भाग काम करतो. म्हणूनच मुरमाच्या चढावर रिकामी पिकअप मागची चाकं फिरवत बसते आणि थोडा माल टाकला की चढते.

आपली काळी माती उलट वागते. बेसाल्टपासून तयार झालेल्या या मातीत चिकणमातीचं प्रमाण मोठं असतं, आणि त्यातली माँटमोरिलोनाइट गटाची खनिजं पाणी पिऊन फुगतात. पूर्ण भिजलेल्या चिकणमातीवरून चाक झरकन फिरतं, तेव्हा दुसरा भाग जवळपास शून्य होतो. राहतं फक्त क्षेत्रफळ गुणिले कोहिजन, आणि ते कोहिजनही पाण्याने घटलेलं असतं. मग वजन वाढवून ओढ वाढत नाही, चाक फक्त खोल रुततं.

यात नक्षीचं काम काय? खाचांनी मातीत दात रोवायचे आणि चाक फिरताना ती माती बाहेर फेकायची. ऑल टेरेनच्या खाचा साध्या टायरपेक्षा मोठ्या असल्या तरी मड टेरेनइतक्या रुंद नसतात. चिकट काळी माती त्यात बसली की निघत नाही. चार फेऱ्यांत टायरला मातीचा लेप चढतो आणि मग माती मातीवर घसरते. त्या क्षणी तुमचा महाग टायर आणि गोटा टायर यांत फारसा फरक उरत नाही.

म्हणजे ऑल टेरेनचा खरा फायदा मुरूम, खडी, दगडगोटे, ओलसर पण न रापलेली माती अशा मधल्या परिस्थितीत मिळतो. महान-पिंजरकडचे मुरमाचे चढ आणि पूर्णेच्या खोऱ्यातली खोल काळी रानं यांना एकच उत्तर लागू पडणार नाही. निष्कर्ष कुठपर्यंत खरा आणि कुठून खोटा, ही मर्यादा लिहिणं हाही संशोधनाचाच भाग आहे. आरआरसीसमोर पहिला प्रश्न बहुधा त्यावरच येतो.

ॲव्हरेज खरंच घटलं का?

"ऑल टेरेन टाकले आणि ॲव्हरेज पडलं" हीसुद्धा नेहमीची तक्रार. जाड नक्षीच्या टायरला लोळण्यात जास्त ऊर्जा लागते, त्यामुळे काही घट खरी असते. पण आधी मोजमाप तपासा. २१५/७५ आर १५ या मापात २१५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ७५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, १५ म्हणजे रिम इंचांत. यावरून टायरचा व्यास ७०३.५ मिलिमीटर येतो. 'थोडा रुंद घ्या' म्हणून कुणी २३५/७५ आर १५ बसवला, तर व्यास ७३३.५, म्हणजे ४.३ टक्के जास्त. मोठं चाक तेवढ्याच अंतरात कमी वेळा फिरतं आणि मीटर तर फेरेच मोजतं. गाडी ६०० किलोमीटर चालली तरी मीटर साधारण ५७५ दाखवणार. ५० लिटर डिझेल लागलं असेल तर खरं ॲव्हरेज १२, पण हिशेबात येणार ११.५. ही घट मीटरने तयार केलेली आहे. मीटरवर वेगही कमी दिसतो: काटा ६० वर असताना गाडी ६२ च्या पुढे असते.

मापच बदललं नाही तरी हे थोडं होतंच. नव्या टायरची नक्षी झिजलेल्यापेक्षा ६-७ मिलिमीटर खोल असेल, तर व्यासात जवळपास २ टक्के फरक पडतो. साधन बदललं की जुन्या आणि नव्या नोंदी थेट शेजारी ठेवायच्या नाहीत, आधी दुरुस्ती करायची.

टायरवरच्या खुणा काय सांगतात?

बऱ्याच ऑल टेरेनवर 'एम प्लस एस' लिहिलेलं असतं, म्हणजे चिखल आणि बर्फ. ही खूण नक्षीच्या रचनेवरून दिली जाते, चिखलात चालवून बघितल्यावर नव्हे. तीन शिखरं आणि हिमकण असलेली दुसरी खूण प्रत्यक्ष चाचणीनंतर मिळते, पण ती चाचणी बर्फावर होते. भारतात २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या निकषांत लोळण्याचा रोध, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज येतात. ओला डांबरी रस्ता आणि ओली पांदण यांत किती अंतर आहे, हे तुम्हाला सांगायला नको. चाचणी खरी असू शकते आणि तरी तुमच्या प्रश्नाचं उत्तर नसू शकते. बाह्य वैधता म्हणतात ती हीच.

मग घ्यायचा कोणता?

आधी ज्यांत तडजोड नाही त्या अटी लावा. माप कंपनीने त्या गाडीसाठी दिलेलंच. लोड इंडेक्स मूळ टायरइतका किंवा जास्त: १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो. १०० चे दोन टायर मागे असतील तर १६०० किलो झाले, आणि त्यात गाडीच्या मागच्या भागाचं स्वतःचं वजनही मोजायचं. कापूस डोळ्यांना भरतो, सोयाबीन वजनाला. २० क्विंटल सोयाबीन म्हणजे २००० किलो. नक्षी कितीही दणकट असली तरी हे गणित बदलत नाही. उत्पादनाची तारीख चार अंकांत असते: २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. आणि १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नक्षी चारचाकीला कायद्यानेच चालत नाही.

या अटींत बसणाऱ्या टायरांमध्येच मग नक्षीची निवड करा. वहीत मुरूम-खडीचा वाटा मोठा असेल, तूर-पऱ्हाटीच्या धसकटांतून गाडी न्यावी लागत असेल, तर जाड बाजूच्या लाइट ट्रक बांधणीचा ऑल टेरेन परवडतो. जवळपास सगळी धाव डांबरीवर असेल आणि फसण्याच्या नोंदी फक्त रापलेल्या काळ्या मातीतल्या असतील, तर साधा नवा टायर घ्या. पावसात गाडी डांबरीवर उभी करा, शेवटचा तुकडा ट्रॅक्टरने माल काढा.

हवा हा फुकटचा चल आहे. ढोबळ हिशेबाने टेकलेलं क्षेत्रफळ म्हणजे वजन भागिले हवेचा दाब. ६०० किलो भार आणि ४५ पीएसआय हवा असेल तर सुमारे १९० चौरस सेंटिमीटर, ३० पीएसआयला सुमारे २८५. वरच्या समीकरणातला पहिला भाग असा वाढतो. पण हे फक्त पांदणीत, अगदी हळू चालवताना. कमी हवेवर भरलेली गाडी डांबरीवर पळवली तर टायर तापतो आणि फुटतो. हवा भरायचा पंप सोबत नसेल तर हा प्रयोग करू नका.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'परिणामकारक', 'उत्तम', 'सुधारित' असा शब्द असेल, तर आज रात्री त्याच्याखाली तीन ओळी लिहा: कशाच्या तुलनेत, कोणत्या परिस्थितीत, कशाने मोजून. तिन्ही लिहिता आल्या तर विषय पुढे न्या. एखादी रिकामी राहिली, तर गाइडकडे जाण्याआधी ती भरा.