दोरा, नट आणि स्टॉपवॉच

गुरुत्वाकर्षण मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. न ताणला जाणारा दोरा, एक जड नट आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच पुरे. गवंड्याचा ओळंबा मिळाला तर फारच छान.

टांगल्या जागेपासून नटाच्या मध्यापर्यंत लांबी बरोबर १ मीटर ठेवा. थोडासाच झोका द्या आणि २० आंदोलनांचा वेळ घ्या (एकाच आंदोलनाचा घेतलात तर बोटाची दिरंगाईच मोजाल!). साधारण ४० सेकंद येतील. आता नट दुप्पट जड लावा. वेळ तोच! पण दोरा २५ सेंटिमीटर करा, वेळ निम्मा होतो. म्हणजे वजनाला किंमत नाही, लांबीच्या वर्गमुळाला आहे. झोका मात्र लहानच हवा. ४५ अंशांवरून सोडलंत तर आवर्तकाल (एका आंदोलनाचा वेळ) सुमारे ४ टक्के वाढतो.

यातला माझा लाडका किस्सा १६७२ चा. फ्रेंच खगोलज्ञ ज्याँ रिशे विषुववृत्ताजवळच्या कायेन इथे गेला, तर पॅरिसमध्ये बरोबर चालणारं लंबकाचं घड्याळ तिथे रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. तिथे गुरुत्व किंचित कमी, म्हणून लंबक संथ! पुढे न्यूटनने पृथ्वी ध्रुवांशी चपटी असल्याच्या मांडणीत हे निरीक्षण वापरलं.

पुढची पायरी, लंबकांची लाट: एका दांडीला १५ नट, मिनिटाला ५१, ५२ असं करत ६५ आंदोलनं होतील अशा लांबीवर, म्हणजे साधारण ३४ ते २१ सेंटिमीटर. प्रत्येक नट दोन दोऱ्यांनी व्ही आकारात टांगा, नाहीतर ते एकमेकांवर आपटतात.