बोथट वस्तरा अधिक कापतो

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षक सहा आठवड्यांत तिसऱ्यांदा माझ्या दवाखान्यात आले, तेव्हाही त्यांच्या हनुवटीला कापसाचा बोळा चिकटलेला होता. वय 76. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला, त्यामुळे ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन्ही गोळ्या चालू. पहिल्या दोन खेपांना मी रक्त तपासले, गोळ्यांचा हिशेब पडताळला, हात पुढे धरायला लावून कंप आहे का ते पाहिले. सारे यथास्थित होते. सोबत आलेल्या सूनबाई म्हणाल्या, "डॉक्टर, आता तुम्हीच सांगा यांना. तो वस्तरा माळ्यावर टाकायला हवा." सर मान खाली घालून बसून राहिले. ज्या वस्तऱ्याने आपल्या वडिलांनी दाढी केली आणि पुढे आपण स्वतः चाळीस वर्षे केली, तो सोडण्याची त्यांच्या मनाची तयारी नव्हती. पण तसे सांगण्याचेही त्यांना अवघड वाटत होते.

पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता तो प्रश्न मी तेव्हा कुठे विचारला : "सर, वस्तरा रोज परजता ना?" परजत नव्हते. मागच्या दिवाळीपूर्वी स्नानगृहाच्या भिंतीला नव्या फरशा बसवल्या आणि चामड्याचा पट्टा अडकवण्याचा खिळा त्यात गेला. पट्टा कपाटात जाऊन पडला. नव्या कोऱ्या फरशीला भोक पाडा, असे मुलाला सांगायला सरांना संकोच वाटला. दोष वयाला आणि हाताला दिला जात होता. तो होता एका खिळ्याचा.

धारदार वस्तरा केसातून सहज जातो. धार गेली की केस ओढला जातो, आपण नकळत जोर लावतो, एकाच जागी दोन-तीनदा हात फिरवतो. उतारवयात कातडी पातळ आणि सैल झालेली असते. ती पात्यापुढे दुमडते आणि कापली जाते. कापले नाही तरी खरवडली जाते, आणि मधुमेह असणाऱ्यांच्या बाबतीत अशा खरवडीतून केसांच्या मुळाशी पू होण्यास वेळ लागत नाही.

केसासारखी मऊ वस्तू पोलादाची धार कशी घालवते, हा प्रश्न आपल्यालाही पडला असेल. केस पोलादापेक्षा सुमारे 50 पट मऊ असतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील संशोधकांनी दाढीच्या ब्लेडचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण करून 2020 साली दाखवून दिले, की धार केवळ झिजत नाही, तिचे बारीक टवके उडतात. केस वाकून पात्याला तिरका भिडला की हे अधिक होते. म्हणूनच दाढीपूर्वी दोन-तीन मिनिटे गरम पाण्याने केस भिजवणे हे चोचले नव्हेत. भिजलेला केस कापायला फारच कमी जोर लागतो.

आता परजण्याविषयी. पट्टा पोलाद घासून काढत नाही. धारेची सूक्ष्म वळलेली कडा तो सरळ करतो. ज्यांच्या पट्ट्याला जाड कापडाची आणि चामड्याची अशा दोन बाजू आहेत, त्यांनी दाढीपूर्वी आधी कापडावर वीस आणि मग चामड्यावर चाळीस फेऱ्या कराव्यात. पट्टा ताठ ओढून धरावा. पाते सपाट टेकवावे, म्हणजे त्याची जाड पाठ आणि धार दोन्ही पट्ट्याला लागतील. पाते नेहमी पाठीच्या दिशेने सरकवावे, धार मागून यावी. टोकाला पोहोचल्यावर पाते पाठीवर उलटवावे, धारेवर कधीच नाही. चुकून धारेवर उलटले तर पट्टा तर कापला जातोच, पण धारही जाते. जोर मुळीच लावू नये. चित्रपटांतील केशकर्तनालयात फटाफट आवाज करीत वस्तरा परजतात, ते प्रेक्षकांसाठी. सावकाश करणाऱ्याचीच धार टिकते.

मात्र पट्ट्याने सर्व काही होत नाही. रोज वापर असेल तर काही महिन्यांनी वस्तरा बारीक दाण्याच्या दगडावर लावावा लागतो. ते कसब ज्याच्या हातात आहे त्याच्याकडूनच करवून घ्यावे. सुरीला धार लावणाऱ्याच्या चाकावर वस्तरा देणे म्हणजे तो गमावणे.

धारेचा दुसरा शत्रू ओलावा. जुने वस्तरे बहुधा अशा पोलादाचे असतात ज्याला गंज चटकन धरतो. आपल्याकडे, विशेषतः कोकणात, पावसाळ्यात स्नानगृहात ठेवलेल्या वस्तऱ्याच्या धारेवर गंजाचे ठिपके यायला एक रात्र पुरते. दाढी झाल्यावर पाते धुवावे, मऊ कापडाने पाठीकडून धारेकडे पुसावे, कापडाच्या पट्ट्यावर आठ-दहा फेऱ्या द्याव्यात, थोडा वेळ उघडेच वाळू द्यावे आणि मग कोरड्या खोलीतल्या कपाटात ठेवावे. काही दिवस वापर होणार नसेल तर शिवणयंत्राच्या तेलाचा पुसट हात फिरवावा. खोबरेल नको, ते कालांतराने चिकट होते. दाढीपूर्वी तेल पुसून टाकावे. पूर्वी इंग्लंडमध्ये आठवड्याच्या सात वारांचे सात वस्तरे एका पेटीत मिळत, ते धार टिकावी म्हणूनच. आपल्याकडे वाटणीत आलेले दोन वस्तरे असतील तर आलटून-पालटून वापरावेत.

घरातल्या मंडळींना एक विनंती. वस्तरा आणि पट्टा एकाच माणसाचा असावा. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरू शकतो, आणि दाढीच्या जखमेतले रक्त डोळ्यांना दिसलेच पाहिजे असे नाही. आजोबांचा वस्तरा नातवाने "एकदा करून बघतो" म्हणून घेऊ नये. परजून द्यायला मात्र हरकत नाही. सरांच्या घरी आता पट्टा शयनगृहाच्या खिडकीच्या चौकटीला, छातीच्या उंचीवर अडकवलेला आहे. त्यांचा खांदा दुखतो त्या दिवशी नातू फेऱ्या मारतो आणि सर आकडे मोजतात. त्यानंतरच्या दोन भेटींत हनुवटीवर कापूस नव्हता.

कापलेच तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सलग दाबून धरावे. मध्ये उचलून पाहू नये. लहानशा ओरखड्याला ओली तुरटी चालते, पण तुरटीचा खडाही ज्याचा त्याचाच हवा. वीस मिनिटांनीही रक्त थांबले नाही तर डॉक्टरांकडे यावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. एका ओरखड्यापायी स्टेंट बंद पडण्याचा धोका पत्करण्यात काहीच शहाणपण नाही.

आणि काही हातांतून वस्तरा खरोखरच काढून घ्यावा लागतो. कंपवात वाढलेला असेल, मोतीबिंदूमुळे आरशात गालाची कड दिसत नसेल, उभे राहिल्यावर भोवळ येत असेल, किंवा आपण दाढी अर्धी केली आहे हेच विसरायला होत असेल, तर धार कितीही चांगली असली तरी ती उपयोगाची नाही. भोवळीवर खुर्चीत बसून दाढी करणे हा उपाय काही काळ पुरतो, बाकीच्यांवर नाही. अशा वेळी घरातील कोणीतरी सुरक्षित रेझरने किंवा घरी येणाऱ्या कारागिराकडून नव्या ब्लेडने दाढी करून घ्यावी. फेस मात्र त्यांचा त्यांना करू द्यावा. ब्रश हातात धरून गालावर फिरवणे कंप असलेल्या हातालाही जमते, आणि सकाळचा तो एक भाग तरी त्यांच्याकडेच राहतो.