वकीलसाहेबांची हेगवारी

मॉरिशस म्हटलं की आपल्याकडे हनीमूनची पॅकेजं निघतात. मी तिथे गेलो तेव्हा डोक्यात एकच माणूस होता, तिथले पंतप्रधान राहिलेले अनिरुद्ध जगन्नाथ. पोर्ट लुईच्या टॅक्सीवाल्यापासून गणेश चतुर्थीला (तिथे त्या दिवशी सरकारी सुट्टी असते) प्रसाद वाढणाऱ्या मराठी काकूंपर्यंत सगळ्यांना मी त्यांच्याबद्दल छेडलं. कुणी म्हणे, त्यांनी देश उभा केला. कुणी म्हणे, घराणं उभं केलं. मला विचाराल तर दोन्ही खरं. २०१७ मध्ये त्यांनी पंतप्रधानपद सोडलं आणि निवडणूक न होताच ते मुलाकडे गेलं. मुलगाही बॅरिस्टरच.

बाकीचं चरित्र भराभर सांगतो. जन्म १९३०चा; आजोबा उत्तर प्रदेशातून आलेले. लंडनच्या लिंकन्स इनमधून १९५४ मध्ये बॅरिस्टर. १९६३ मध्ये निवडून आले, मंत्री झाले, १९६७ मध्ये मंत्रिपद सोडून मॅजिस्ट्रेटच्या खुर्चीत बसले आणि काही वर्षांत पुन्हा राजकारणात. १९८२ मध्ये त्यांच्या आघाडीने मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा जिंकल्या. वर्षभरात सरकार फुटलं, यांनी नवा पक्ष काढला. तीन खेपा मिळून अठरा वर्षांहून जास्त पंतप्रधानपद, शिवाय २००३ ते २०१२ राष्ट्रपतिपद. उसाच्या जोडीला कापडउद्योग फोफावला, बेकारी ओसरली, १९९२ मध्ये देश प्रजासत्ताक झाला. १९८५च्या अखेरीस मॉरिशसचे चार खासदार अ‍ॅमस्टरडॅमच्या विमानतळावर हेरॉइनसह पकडले गेले, तेही यांच्याच राजवटीत. त्यावर वेगळा लेख होईल.

माझा खरा जीव अडकलाय तो मॉरिशसपासून तोडलेल्या चागोस बेटांत.

सप्टेंबर १९६५. लंडनच्या लँकेस्टर हाऊसमध्ये मॉरिशसच्या स्वातंत्र्याची बोलणी चालली होती. पस्तिशीचे जगन्नाथ शिष्टमंडळात होते, पण खरा सौदा मोजक्या नेत्यांशी बंद दाराआड झाला. ब्रिटनचे पंतप्रधान विल्सन यांनी मॉरिशसचे नेते शिवसागर रामगुलाम यांना वेगळं गाठलं. स्वातंत्र्य मिळेल ही आशा दाखवायची आणि चागोस न सोडल्यास ते अडेल ही भीतीही घालायची, असा सल्ला विल्सनना आधीच लेखी मिळाला होता. नोव्हेंबरात बेटं तोडली गेली. मोबदला ३० लाख पौंड. त्यांतल्या दिएगो गार्सियावर अमेरिकेला तळ हवा होता, म्हणून १९७३ पर्यंत सुमारे दीड हजार माणसं तिथून हलवण्यात आली. त्यांची कुत्रीही मारून टाकली.

यात जगन्नाथांची बाजूही धुतल्या तांदळासारखी नाही. १९८२ मध्ये त्यांच्याच सरकारने ब्रिटनशी ४० लाख पौंडांच्या भरपाईचा करार केला. पैसे हवेत तर पुढचे दावे सोडा, असे इंग्रजी कागद चागोसवासीयांपुढे आले आणि वाचता न येणाऱ्यांनी त्यावर अंगठे उठवले. बॅरिस्टर पंतप्रधान असताना हे व्हावं, हे मला अजून पचत नाही.

आणि मग ३ सप्टेंबर २०१८. हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे जगन्नाथ चागोसबाबत देशाची बाजू मांडायला उभे. १९६५च्या त्या परिषदेला गेलेल्या मॉरिशसच्या मंडळींपैकी हयात असलेले तेच एक. म्हणजे एकाच अंगावर काळा कोट आणि साक्षीदाराचा पिंजरा! त्या सुनावणीचं चित्रण मी पुन्हापुन्हा पाहतो. त्याच दिवशी लिझबी एलिझे या चागोसच्या बाईंची क्रिओल भाषेतली साक्ष पडद्यावर दाखवली गेली. लिहितावाचता न येणाऱ्या या बाईंनी सांगितलं की बोटीवर चढवलं तेव्हा त्या गरोदर होत्या आणि मॉरिशसला आल्यावर ते बाळ वाचलं नाही. कलमांचा कीस पाडणाऱ्या दिग्गज वकिलांपेक्षा बाईंची ती काही मिनिटं भारी पडली, असं माझं स्पष्ट मत.

फेब्रुवारी २०१९ मध्ये निकाल आला, १३ विरुद्ध १: बेटं तोडणं बेकायदा होतं, ब्रिटनने तिथला कारभार लवकरात लवकर आवरावा. मत सल्ल्यापुरतं होतं, सक्ती नव्हती. मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११६ देश मॉरिशसच्या बाजूने उभे राहिले, त्यात भारतही; विरोधात अवघे सहा. २०२० मध्ये आपल्या सरकारने जगन्नाथांना पद्मविभूषण दिलं. जून २०२१ मध्ये ते गेले.

मे २०२५ मध्ये ब्रिटनने बेटं परत देण्याच्या करारावर सही केली. मॉरिशसतर्फे सही होती नवीन रामगुलाम यांची, म्हणजे १९६५ मध्ये ज्यांना गाठलं त्या शिवसागरांच्या मुलाची. तेही वकील आणि वर डॉक्टर. दिएगो गार्सियाचा तळ मात्र ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर ब्रिटनकडेच राहायचा आहे, आणि ‘आम्हाला कुणी विचारलंच नाही’ ही चागोसवासीयांपैकी अनेकांची तक्रार याही वेळी आहेच.